मागचा पांढरा पडदा एलईडीने एकसारखा उजळत नाही (३० बाय १६ फूट), उपाय सांगा

तापीकाठ, चोपडा

नमस्कार मंडळी. आमची हौशी संस्था राज्य नाट्य स्पर्धेच्या जळगाव केंद्रासाठी दोन अंकी नाटक बसवते आहे. रंगमंचावर सामान जवळजवळ नाहीच, एक बाज आणि विहिरीचा काठ. बाकी सगळं मागचा पांढरा पडदा सांगतो: पहाट, एप्रिलमधली दुपार, दिवेलागण, मग निळी रात्र. पडदा नीट उजळला नाही तर नाटकच उभं राहत नाही, म्हणून हा धागा.

तालमी तालुक्याच्या हॉलमध्ये चालू आहेत. पडदा मांजरपाटाचा, उभे पन्हे जोडून शिवलेला, ३० फूट रुंद आणि १६ फूट उंच. दिव्यांचा पाईप जमिनीपासून १७ फुटांवर, पडद्याच्या ४ फूट पुढे. त्यावर १२ एलईडी पार (रंगीत झोत टाकणारे गोल दिवे), मंडपवाल्यांकडे असतात तेच, ५४ एलईडीचे, ३ वॅटवाले. सगळे सरळ पडद्याकडे तोंड करून बांधलेत.

दिसतं असं: वरच्या बाजूला १२ झगझगीत गोळे, त्यांच्या मधे काळपट फटी, आणि कमरेच्या खाली पडदा मावळल्यासारखा. जांभळा रंग केला की गोळ्यांच्या कडांना लाल-निळी किनार येते. मोबाईलवर तालीम शूट केली तर पडद्यावर आडव्या पट्ट्या सरकताना दिसतात. दिवे देणारा म्हणतो अजून १२ लावा. त्याने खरंच सुटेल का?

वाघूरकाठ, जामनेर

आमना गावले बी हाईच अडचण शे भाऊ. उत्तरंसनी वाट देखी राहिनू.

पडद्यामागे, जळगाव

भाऊ, आणखी १२ घेऊ नका. १२ चे २४ केले तर वरचे गोळे दुप्पट भडक होतील आणि खालचा भाग त्यांच्यापुढे होता तसाच मावळलेला दिसेल. तुमच्याकडे उजेड पुरेसा आहे, दिव्यांना पडद्यापासून अंतर मिळत नाहीये.

हिशेब मांडतो, कारण एकदा हा हिशेब डोक्यात बसला की कुठल्याही हॉलमध्ये उपयोगी पडतो. पाईप १७ फुटांवर आणि पडद्याच्या ४ फूट पुढे. पडद्याचा १५ फूट उंचीवरचा भाग दिव्यापासून साडेचार फूट लांब आहे, तळ साडेसतरा फूट. उजेड अंतराच्या वर्गाने घटतो, म्हणजे अंतर चौपट झालं की उजेड सोळावा हिस्सा. शिवाय तळाशी किरण इतके तिरपे पोचतात की तेवढाच उजेड जास्त कापडावर वाटला जातो. दिवा सगळ्या दिशांना सारखा उजेड फेकतो असं धरलं, तरी वर आणि तळाला जवळपास ६० पटींचा फरक पडतो. आता पाईप पडद्याच्या ८ फूट पुढे घ्या, उंची तीच ठेवा. तोच फरक १२ पटींवर येतो. एकही दिवा वाढवलेला नाही. पाटाला पाणी सोडल्यावर तोंडाजवळचे वाफे तुंबतात आणि टोकाचे कोरडे राहतात, तसं तुमच्या पडद्याचं झालंय. अशा वेळी पाणी वाढवलं तर तोंडाचेच वाफे फुटतात.

गोळ्यांचंही कारण तेच. या पारना बहुतेक २५ अंशांची भिंगं असतात, मागच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, पाहून घ्या. २५ अंशांचा झोत अंतराच्या साधारण ०.४४ पट रुंद होतो. साडेचार फुटांवर गोळा २ फुटांचा. ३० फुटांत १२ दिवे म्हणजे दोन दिव्यांमध्ये अडीच फूट. गोळे एकमेकांना शिवतच नाहीत, मग मधे फट दिसणारच. पाईप ८ फुटांवर नेला की पडद्याच्या वरच्या भागातच गोळा साडेतीन फुटांच्या पुढे जातो आणि शेजारच्या गोळ्यावर चढतो. २५ अंश हा आकडा झोताचा उजेड मधल्याच्या निम्मा होतो तिथला धरलेला असतो, त्यामुळे दोन झोतांच्या निम्म्या कडा एकमेकांवर आल्या की बेरीज जवळपास पूर्ण भरते. फट मिटते ती या चढण्यामुळे.

उरलेला १२ पटींचा फरक दिव्याच्या रोखाने काढायचा. दिव्याचं तोंड पडद्याच्या मध्यावर नको, खालच्या तिसऱ्या हिश्शावर हवं. झोताचा मधला जोरदार भाग लांबच्या तळाकडे जातो आणि फिकी कड जवळच्या माथ्यावर पडते. सायक्लोरामासाठी, म्हणजे अशाच मागच्या मोठ्या पडद्यासाठी, खास बनवलेल्या दिव्यांत परावर्तकाचा आकार मुद्दाम असा तिरका ठेवलेला असतो की उजेड लांबच्या टोकाला जास्त जावा. आपल्याकडे साधे पार आहेत, म्हणून ते काम आपण रोख आणि फ्रॉस्ट (दिव्यापुढे लावायचा, उजेड पसरवणारा धूसर कागद) यांच्यावर भागवायचं.

फ्रॉस्ट का, तर ८ फुटांवरून पाहिलं की पडद्याचा माथा ते तळ जवळपास ६० अंशांत येतो. २५ अंशांचं भिंग एवढं कव्हर करूच शकत नाही.

तापीकाठ, चोपडा

खूप आभार भाऊ, हे असं कुणी सांगितलंच नव्हतं. दोन शंका. रंगमंचाची खोली २२ फूट आहे, पाईप ८ फूट पुढे आला तर नट त्या झोतात येणार नाहीत का? आणि फ्रॉस्ट म्हणजे नेमकं काय आणायचं, आमच्याकडे जिलेटिन कागदच मुश्किलीने मिळतात.

पडद्यामागे, जळगाव

नटांची काळजी नको. १७ फुटांवरच्या दिव्यातून ६ फूट उंच माणसाच्या डोक्यावरून रेघ ओढा. माणूस पडद्यापासून तीन फूट जरी पुढे असला तरी ती रेघ पडद्याला लागायच्या आधीच जमिनीला टेकते, सावली पडद्यावर चढत नाही. आणि पडद्याच्या तीन फुटांच्या आत नटाला तसंही उभं करायचं नसतं. मी तर सहा फूट मोकळे ठेवायला सांगतो, कारण समोरच्या दिव्यांच्या सावल्याही त्या जागेत जमिनीवर उतरतात.

एक मात्र बघा. पाईप आणि पडदा यांच्यामध्ये एखादी झालर लटकत असेल तर ती काढून टाका, नाहीतर वरच्या दोन-तीन फुटांवर तिची सावली पडेल. झालर पाईपच्या पुढे, प्रेक्षकांच्या बाजूला, आणि पहिल्या रांगेत बसून दिवे दिसत नाहीत इतकी खाली.

फ्रॉस्टचे दोन प्रकार. साधा फ्रॉस्ट उजेड चहूकडे पसरवतो, त्यात बराच उजेड झालरीवर आणि विंगांवर वाया जातो. दुसरा रेघांचा, ज्याला सिल्क म्हणतात: ली कंपनीचा २२८ किंवा रॉस्कोचा १०४. तो एकाच दिशेने पसरवतो, रेघांना काटकोनात. आपल्याला उभा पसर हवा, म्हणजे रेघा आडव्या ठेवून कापायचा. शंका असेल तर मोबाईलच्या टॉर्चसमोर तुकडा धरून भिंतीवर पाहा, लगेच कळतं. मुंबई-पुण्याला जाणारं कुणी असेल तर त्यांच्याकडून मागवा, १२ पारना फार लागत नाही.

तोवर ट्रेसिंग पेपर चालतो, कुठल्याही स्टेशनरीत मिळतो. एलईडीच्या झोतात हॅलोजनसारखी आग नसते म्हणून हे जमतं; हॅलोजनपुढे कागद कधीच लावायचा नाही. मात्र दिव्याच्या मागच्या जाळ्या आणि पंखा मोकळा राहिला पाहिजे. सेलोटेप गरम झाली की सुटते, स्टीलच्या क्लिपा वापरा.

ट्रेसिंग पेपरचा आणखी एक फायदा तुमच्या लाल-निळ्या किनारीला होतो. या पारमध्ये लाल, हिरवे, निळे एलईडी वेगवेगळ्या जागी बसवलेले असतात. रंग दिव्यात मिसळत नाही, पडद्यावर जाऊन मिसळतो. कडांना कुठला तरी एकच रंग पोचतो, म्हणून किनार. अंतर वाढलं आणि पुढे फ्रॉस्ट आला की बहुतेक किनार जाते.

आबा_धुळे

तरुण मंडळी, चर्चा चांगली चालली आहे. आमच्या वेळी ५०० वॅटचे हॅलोजन आणि त्यापुढे जिलेटिन, असा पडदा उजळायचा. रंग चार, कारण चारच रांगा परवडायच्या. वीज कमी दाबाने आली की सगळा पडदा पिवळा पडायचा, आणि ग्रामीण भागात दाब कमीच असायचा. एलईडीच्या आत स्वतःचा वीजपुरवठा असतो, तो बहुधा १०० ते २४० व्होल्टपर्यंत सांभाळून घेतो, म्हणून आज रंग तेवढ्यासाठी बदलत नाहीत. ही मोठी सोय आहे. तरी हॅलोजन मंद करत नेला की जी तांबूस संध्याकाळ व्हायची ती मला एलईडीत अजून दिसलेली नाही.

पडद्यावर सरळ उजेड न टाकता तो दुसऱ्या कापडावरून परतवून घेण्याचाही मार्ग आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मारियानो फॉर्च्युनी याने युरोपात हेच केलं, रंगीत रेशमावर उजेड मारून तो परतलेला मऊ उजेड घुमटाकार पडद्यावर घेतला. तुमच्या पडद्यामागे जागा असेल तर मागच्या भिंतीवर पांढरी चादर लावा, पार त्या चादरीकडे वळवा आणि पांढऱ्या पडद्याला पाठीमागून उजेड द्या. गोळे मुळीच दिसत नाहीत. पडदा मात्र पातळ हवा.

तापीकाठ, चोपडा

आबा, नमस्कार. आमच्याकडे पडद्यामागे दोनच फूट जागा आहे आणि तीसुद्धा नटांच्या ये-जा करण्याची. शिवाय पन्ह्यांच्या शिवणी मागून उजेड दिला की काळ्या उभ्या रेघा दिसतील, नाही का?

आबा_धुळे

दिसतील. मग समोरूनच करा, पडद्यामागे यांचं ऐका.

रंगपेटी, धुळे

मी पडदे रंगवते, माझ्याकडून कापडाविषयी थोडं.

दिवा पडद्याच्या जितका जवळ आणि जितका वरून, तितकी प्रत्येक सुरकुती उठून दिसते. अशा घासून जाणाऱ्या उजेडात इस्त्रीची घडीसुद्धा डोंगरासारखी दिसते. म्हणजे पाईप पुढे घेतल्यावर सुरकुत्यांचा त्रासही आपोआप निम्म्यावर येईल. बाकीच्यासाठी: पडदा घडी करून ठेवू नका, पाईपला गुंडाळून ठेवा. खालच्या काठाला नेफा शिवून त्यात लोखंडी पाईप घाला, पूर्ण रुंदीचा, तुकड्यातुकड्यांचा नको, नाहीतर जोडाच्या ठिकाणी झोळ पडतो. आदल्या दिवशी टांगून मागून पाण्याचा बारीक फवारा मारा आणि बाजूने हलका ताण देऊन वाळू द्या. मांजरपाट वाळताना आकसतो, त्यात बहुतेक घड्या निघतात. नवीन कापड असेल तर शिवण्याआधीच पाण्यातून काढून घ्या.

दुसरं, पन्हे एकाच ताग्यातले आहेत का ते पाहा. पांढऱ्या दिव्यात सगळे सारखे दिसतात, पण निळ्या एलईडीत एखादा पन्हा चटकन वेगळा उजळतो. बाजारातल्या ब्लीच केलेल्या कापडात आणि धुण्याच्या पावडरीत पांढरेपणा वाढवणारं द्रव्य असतं, ते अतिनील-जांभळा उजेड घेऊन स्वतःच निळसर चमकतं. एक पन्हा वेगळ्या पावडरीत धुतला गेला असेल तर रात्रीच्या प्रसंगात तो उभा पट्टा दिसू शकतो. सगळा पडदा एकदाच, एकाच पाण्यात धुवा.

आणि ज्यांच्याकडे माझ्यासारखे रंगवलेले पडदे आहेत, त्यांनी तीन रंगांच्या स्वस्त पारवर पडद्याचा न्याय करू नका. लाल, हिरवा, निळा मिळून कापडावर पांढरं दिसतं, पण हिरवा आणि लाल यांच्यामधला पिवळा-नारिंगी पट्टा त्या उजेडात जवळपास नसतोच. गेरू, पिवळी माती, वाळलेल्या गवताचा रंग, आपल्या भागातल्या उन्हाळ्याचं सगळं रान ज्या रंगांत आहे तेच रंग मेल्यासारखे दिसतात. चौथा पांढरा एलईडी असलेला पार घ्या, अंबर किंवा लाइम असेल तर फारच चांगलं. हे मी कळकळीने सांगते, कारण महिनाभर रंगवलेलं जंगल चुकीच्या दिव्याखाली राखाडी होताना पाहवत नाही.

वाघूरकाठ, जामनेर

ताई, आमचे पार पण तीन रंगांचेच आहेत. पिवळा हवा असेल तर काय करायचं?

रंगपेटी, धुळे

रंगवलेल्या पडद्याला समोरून दोन-चार साधे वॉर्म व्हाइट एलईडी फ्लड द्या, फ्रॉस्ट लावून, अगदी मंद. पांढऱ्या एलईडीत निळ्या चिपवर पिवळा लेप असतो, त्यामुळे मधला पट्टा त्यात भरपूर असतो. त्यावर तुमचे रंगीत पार फक्त छटा द्यायला ठेवा.

शहादेकर

एवढी खटपट करण्यापेक्षा मागे एलईडी वॉलच का लावत नाही? आमच्याकडे लग्नात सर्रास येते. आकाश, सूर्य, पाऊस, काय हवं ते दाखवा.

पडद्यामागे, जळगाव

शहादेकर, ज्या नाटकात चित्रं हवीत तिथं जरूर लावा. पण वॉल स्वतःच उजेडाचा उगम असते. ती पुरेशी मंद केली नाही तर नटाचा चेहरा काळा पडतो, आणि स्वस्त वॉल फार मंद केली की तिच्यातले रंग तुटक दिसायला लागतात. शिवाय बाज आणि विहिरीचा काठ एवढ्यावर उभ्या असलेल्या नाटकात मागे सिनेमासारखा सूर्य सरकू लागला की प्रेक्षकाने जे मनात उभं करायचं ते त्याच्या हातातून जातं. कापडाच्या पडद्याला खोली असते, नजर त्यात शिरते. हे माझं ठाम मत आहे, तुमचं वेगळं असू शकतं.

तापीकाठ, चोपडा

कालपासून पाईप ८ फुटांवर घेतला. गोळे गेले! ट्रेसिंग पेपर लावून रोख खाली केला तर तळालाही उजेड आला. पण अजून दोन गोष्टी राहिल्या. अगदी जमिनीलगत दीड-दोन फूट अजून मंद आहे. आणि १२ पैकी ४ पार दुसऱ्याकडचे आहेत, त्यांचा निळा जरा हिरवट दिसतो. तालीम लांबली की पहाटेचा गुलाबीही बदलतो असं वाटतं, की माझ्या डोळ्यांचा भास?

पडद्यामागे, जळगाव

भास नाही. एलईडी तापला की उजेड कमी होतो, आणि लाल एलईडी निळ्या-हिरव्यापेक्षा बराच जास्त मंदावतो, कारण त्याची चिप वेगळ्या द्रव्याची असते. म्हणून गुलाबी हळूहळू निळसर होत जातो. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा बंद हॉलच्या छताशी काय तापमान असेल विचार करा. उपाय असा: रंग जुळवायला बसण्याआधी सगळे पार अर्धा तास पेटते ठेवा, प्रयोगाच्या दिवशीही तसंच. पंख्यांच्या जाळ्यांत कापसाचा आणि धुळीचा थर बसतो, ब्लोअरने उडवा. एवढ्याने बराच फरक पडतो.

वेगळ्या चार पारचं. ते एका टोकाला एकत्र लावू नका, तिथं रंग बदललेला लगेच कळतो. चार जणांना रांगेत सारख्या अंतराने पेरा, म्हणजे दोन्ही बाजूंच्या झोतात त्यांचा रंग विरून जातो. त्याआधी प्रत्येक पारला वेगळा डीएमएक्स पत्ता (कंट्रोलरच्या लाइनवरचा त्याचा नंबर) द्या. बरेच मंडपवाले सगळ्यांना एकच पत्ता देऊन ठेवतात, मग एकट्या दिव्याला हात लावताच येत नाही. आठ चॅनेलचा पार धरला तरी १२ पारना ९६ चॅनेल लागतात, एका लाइनवर ५१२ असतात, काटकसर करण्याचं कारण नाही. मग नुसता निळा पूर्ण लावा, त्या चारांत किंचित लाल मिसळून किंवा इतरांचा निळा थोडा उतरवून जुळवा. नेहमी सगळ्यात मंद दिव्याला प्रमाण मानायचं आणि बाकीचे त्याच्यावर उतरवायचे, वर चढवायला जागा नसते.

हे नुसत्या डोळ्याने करू नका. डोळा हळूहळू सवय करून घेतो आणि फरक दिसेनासा होतो. मोबाईलचा प्रो मोड लावून एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स पक्का करा, फोटो कृष्णधवल करा, हॉलच्या मध्यावरून काढा. कुठे चढ आहे, कुठे उतार, लगेच दिसेल. किंवा लक्स मोजायचं ॲप घ्या, फोनची पाठ कापडाला टेकवून पडद्यावर वर-मधे-खाली आणि डावीकडून उजवीकडे आकडे लिहा. माझा हिशेब असा की सगळ्यात जास्त आकडा सगळ्यात कमीच्या दुपटीत असला आणि मधला बदल सावकाश असला, तर प्रेक्षकाला पडदा सपाट दिसतो. कमी फरकसुद्धा एका फुटात झाला तर डोळ्याला खुपतो.

दोन्ही टोकांना दिवा एकट्याचाच असतो, शेजारी एकाच बाजूला, म्हणून कडा मंद दिसतील. टोकाचे दोन दिवे थोडे आत वळवू नका, उलट रांगच विंगेत फूटभर लांबवा आणि मधलं अंतर किंचित वाढवा.

तळासाठी खालून वॉल वॉशर. मीटरभर लांबीचे एलईडी बार मिळतात, सहा पुरतील, पाच-पाच फुटांवर, पडद्यापासून तीन-चार फूट पुढे जमिनीवर. तिथंही अगदी कापडाला चिकटवायचे नाहीत, कारण तेच. पुढे दीड फुटाची बुटकी चौकट आडवी लावा, शेताचा बांध म्हणून रंगवली तर नाटकात शोभेल. सायंकाळी वरचे दिवे निळे आणि खालचे नारिंगी ठेवलेत की क्षितिज आपोआप तयार होतं.

रंगपेटी, धुळे

त्या बांधाच्या चौकटीची मागची बाजू काळी करा, पांढऱ्या लाकडावरून उजेड उलटा उसळतो.

तापीकाठ, चोपडा

करतो ताई. आमच्यातला एक नट सुतारच आहे, आजच सांगितलं त्याला.

एक विचारायचं राहिलं. दिवेलागणीच्या प्रसंगात पडदा संथ काळोखात जायला हवा, पण शेवटी शेवटी तो पायऱ्या उतरल्यासारखा ठक-ठक मंदावतो आणि एकदम विझतो. आणि त्या मोबाईलवरच्या पट्ट्या?

पडद्यामागे, जळगाव

दोन्हीचं मूळ एलईडी मंद होतो कसा यात आहे. साध्या पारमध्ये ० ते २५५ अशा २५६ पायऱ्या असतात. उजेड भरपूर असताना एक पायरी कळत नाही, पण ५ वरून ४ वर येणं म्हणजे एकदम पाचवा हिस्सा कमी, ते डोळ्याला दिसतं. १६ बिटचे दिवे ६५,५३६ पायऱ्या देतात, पण ते भाड्याच्या मंडप-सामानात क्वचित. पारच्या मेनूत डिमर कर्व्ह किंवा डिमर स्पीड असा पर्याय असेल तर सगळ्यात संथ निवडा. नसेल तर सगळे १२ एकदम मंदावू नका. अर्धे पार दोन-तीन सेकंद आधी मंदावायला सुरुवात करा, म्हणजे एकाची पायरी दुसऱ्याच्या पायरीत बुडते. पडदा शून्यावर नेण्याआधी नटावरचा दिवा थोडा आधी उतरवला तरी लक्ष तिकडे जातं.

पट्ट्या: एलईडी मंद करताना तो भराभर उघडझाप करतो, डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. दिव्याच्या मेनूत पीडब्ल्यूएम फ्रिक्वेन्सी (म्हणजे या उघडझापेचा वेग) दिसली तर सगळ्यात वरचा आकडा घ्या. नसेल तर शूटिंगवाल्याला शटर १/५० ठेवायला सांगा, आपोआप शटर बंद. पूर्ण ताकदीने लावलेला रंग बहुधा उघडझाप करत नाही, त्यामुळे पडद्याचे रंग शक्यतो एखादा एलईडी पूर्ण आणि दुसरा कमी असे बनवा, तिन्ही ३० टक्क्यांवर असे नको. पूर्ण लावल्यावर जास्त वाटला तर फ्रॉस्टचा आणखी एक थर चढवा.

डीएमएक्सच्या लाइनच्या शेवटच्या दिव्यात २ आणि ३ नंबरच्या पिनांमध्ये १२० ओहमचा रेझिस्टर घातलेला प्लग लावा. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात काही रुपयांत मिळतो. तो नसला की मधूनच एखादा पार भलताच रंग दाखवतो, आणि तो नेमका रात्रीच्या शांत प्रसंगात दाखवतो. एका लाइनवर ३२ च्या वर दिवे जोडायचे नाहीत, वर १२ आणि खाली ६, तुम्ही आत आहात.

आबा_धुळे

एक सांगतो. पडदा सपाट उजळला म्हणजे काम झालं असं समजू नका. आपल्याकडची दुपार कधी सपाट नसते, माथ्यावर पांढरी आणि खाली धुळीने पिवळट असते. आधी सगळीकडे सारखा उजेड मिळवा, हे खरंच. मग मुद्दाम तो मोडा. सारखा करता आला नाही तर मोडताही येत नाही, कारण कुठला डाग तुमचा आणि कुठला चुकून पडलेला ते प्रेक्षकाला कळत नाही.

पडद्यामागे, जळगाव

आबांशी शंभर टक्के सहमत.

तापीकाठ, स्पर्धेच्या ठिकाणी उभारणीला वेळ मोजकाच मिळतो. तिथल्या पडद्याची उंची, पाईप पडद्यापासून किती लांब आणि तिथे कुठले दिवे आहेत हे आधीच विचारून घ्या, जमलं तर मोजपट्टी घेऊन स्वतः जा. तुमच्या कागदावर दिव्यांचे रंग लिहाल तसं प्रत्येक दिव्याचा रोखही लिहा: पडद्यावर जमिनीपासून किती फुटांवर झोताचा मध्य. पाईप खाली असतानाच तोंड अंदाजे वळवून ठेवलं की वर गेल्यावर शिडी कमी चढावी लागते. समोरच्या दिव्यांकडेही लक्ष द्या, ते फार सरळ असले तर त्यांचा पांढरा उजेड नटाच्या मागे पडद्यावर जाऊन तुमचा निळा धुऊन टाकतो. ते ४५ अंशांच्या आसपास वरून यावेत. जमिनीवर चकचकीत फरशी असेल तर काळी सतरंजी अंथरा.

शिरपूरची_मास्तरीण

धागा वाचून हिंमत आली. आमच्या शाळेचं गॅदरिंग मैदानावर असतं, डिसेंबरात. पडदा वाऱ्याने फुगतो, आणि मागच्या बाजूला रस्त्यावरचा हायमास्ट दिवा. तिथं हे सगळं लागू पडेल का?

पडद्यामागे, जळगाव

ताई, अंतराचा हिशेब मैदानावरही तोच. जागेची अडचण नाही, म्हणून पाईप १० फूट पुढे घ्या, उजेड आणखी सारखा होईल.

हायमास्टसाठी पांढऱ्या पडद्याच्या मागे फूटभर अंतर सोडून मंडपाचं जाड काळं कापड पूर्ण रुंदीत टांगा. ते नसेल तर रस्त्याचा उजेड कापडातून आरपार येईल आणि तुमचा कुठलाही गडद रंग टिकणार नाही. हे काळं कापड थोडा वाराही अडवतं. पांढऱ्या पडद्याच्या खालच्या नेफ्यात पाईप आणि दोन्ही बाजूंना दर दोन फुटांवर दोरी, पण दोरी थेट बांबूला करकचून बांधू नका. मधे सायकलच्या ट्यूबचा तुकडा घाला, झुळूक आली की कापड सैल होऊन परत ताणलं जाईल आणि शिवण फाटणार नाही. जनरेटर वापरणार असाल तर दिवे आणि साउंड वेगळ्या फेजवर घ्या, अर्थिंग नीट आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या, आणि मुलं मागून धावतात तिथल्या वायरी जमिनीवर मोकळ्या सोडू नका.

शिरपूरची_मास्तरीण

काळं कापड मंडपवाल्याकडे आहे, विचारलं. ट्यूबचे तुकडे मुलंच आणतील. पाईपसाठी १० फूट पुढे दोन वेगळे खांब रोवावे लागतील ना?

पडद्यामागे, जळगाव

हो, आणि त्यांना मागून-पुढून तणावे द्या, १२ पारचं वजन एका बाजूला झुकतं. प्रत्येक पारला क्लॅम्पशिवाय एक लोखंडी साखळी किंवा तारेची सेफ्टी हवीच, खाली मुलं नाचणार आहेत.